सातव्या खेपेचा साहेब

गोऱ्या साहेबाची भूमिका मी आजवर सहा वेळा केली. त्यांतल्या चार वेळा मी मेलो, एकदा पळून गेलो आणि एकदा शेवटच्या प्रवेशात सुधारलो. आमच्या अबुधाबीच्या मराठी मंडळात नाटक ठरलं की आधी त्यात साहेब आहे का ते बघतात, आणि असला की सगळे माझ्याकडे बघतात. याचा अभिनयाशी काही संबंध नाही. मी रत्नागिरीकडचा, खाडीकाठचा कोकणी मुसलमान. रंग गोरा, डोळे घारे, नाक लांब. मंडळात माझ्यापेक्षा चांगले नट पुष्कळ होते, पण माझ्यापेक्षा गोरा कुणी नव्हता, त्यामुळे स्पर्धा अशी कधी झालीच नाही.

सातव्या खेपेबद्दल मात्र मंडळात एक गैरसमज आहे. दुसरा अंक मुळात तसाच बसवला होता, असं लोक समजतात. दिग्दर्शकही आता तेच सांगतात आणि सांगून सांगून त्यांनाही ते खरं वाटायला लागलंय. ज्यांच्याबद्दल हे आहे ते म्हातारे गृहस्थ उन्हाळ्यात मुलीबरोबर इंग्लंडला परत गेले. तेव्हा आता खुलासा करायला हरकत नाही. खुलासा हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. तो त्यांचा धंदा होता.

त्या वर्षीचं नाटक दिग्दर्शकांनी स्वतः लिहिलं होतं. दिवसा ते बँकेत असतात. एक इंग्रज कलेक्टर कोकणातल्या गावात नारळाची झाडं मोजायला येतो आणि गावकरी त्याला तीन दिवस हातोहात फसवतात, अशी गोष्ट. कलेक्टरची भूमिका मोठी होती. मरणही नव्हतं. मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत पाठांतर सुरू केलं होतं. मी एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. इमारतींच्या नकाशाची नवी प्रत आली की जुनीवर 'सुपरसीडेड' असा लाल शिक्का मारून ती कपाटात टाकायची, हे माझं मुख्य काम. एका दुपारी दिग्दर्शकांचा फोन आला.

"भाई, गुड न्यूज. आपल्याला साहेब मिळाला."

"साहेब आहे की," मी म्हणालो.

"अहो नाही, ओरिजिनल!"

त्यांच्या बिल्डिंगमध्ये एक इंग्रज शिक्षिका राहत होती. तिचे वडील, आई वारल्यावर, तिच्याकडे येऊन राहिले होते. लिफ्टमध्ये ओळख झाली, नाव कळलं, आणि दिग्दर्शकांनी घरी जाऊन ते इंटरनेटवर टाकलं, तर बाहेर काय आलं? हे गृहस्थ तिकडच्या टीव्हीवरचे नावाजलेले नट. एका साप्ताहिक व्यंग्य कार्यक्रमात हे अठरा वर्षं सरकारचे प्रवक्ते म्हणून बसत. टेबल, पाण्याचा ग्लास, हातात कागद. आणि चेहऱ्यावरची रेष न हलवता सरकारतर्फे खुलासा वाचत. पूल पडलेला नाही, पूल पाण्याच्या जवळ नेण्यात आला आहे. रुग्णालयात खाटा कमी नाहीत, रुग्ण प्रमाणाबाहेर आडवे आहेत. लोक हसून लोळायचे आणि हे ग्लासातलं पाणी प्यायचे.

"आणि ते हो म्हणाले. सरळ हो. भाई, तुम्ही प्रॉम्प्टिंग करा," दिग्दर्शक म्हणाले. "तुमचे उच्चार क्लिअर आहेत. आणि येताना त्यांना गाडीतून घेऊन या ना, तुमच्या रस्त्यावरच आहे."

माझ्या रस्त्यावर नव्हतं. मी बरं म्हणालो. त्या दिवशी कपाटातल्या नकाशांबद्दल मला पहिल्यांदा काही वाटलं.

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "बरं झालं हो. दर वर्षी तुम्ही स्टेजवर मेलात की आजूबाजूच्या बायका माझ्याकडे बघून सांत्वन केल्यासारखं हसतात." मुलगी मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "फायनली! अब्बा, इट वॉज सो एम्बॅरसिंग." दोघी आपापल्या कामाला लागल्या. मला फार वाईट वाटलं, हे सरळ सांगून टाकतो. वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस माझ्याकडे कुणी वळून बघत नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. पण एक दिवस तीनशे माणसं बघतात. तो एक दिवस गेला होता, आणि तो घेणारा माणूस माझ्यापेक्षा खरोखरच गोरा होता.

साहेबांना मी पहिल्या शनिवारी आणायला गेलो तेव्हा ते खाली उन्हात कोट घालून उभे होते. उंच, हडकुळे, जरा वाकलेले. अबुधाबीच्या उन्हाने चेहरा तांबडा झालेला. गाडीत बसून त्यांनी पट्टा लावला आणि म्हणाले, "माझ्यामुळे तुमची भूमिका गेली, असं ऐकलं. त्याबद्दल मला अतिशय आनंद आहे." ते हे सगळं इंग्रजीत बोलत, मी इथे मराठीत लिहितोय. मी वळून पाहिलं. चेहऱ्यावर काही नव्हतं. आमच्याकडे रत्नागिरीला असं बोलणाऱ्याला खवचट म्हणतात आणि त्याला चहा विचारल्याशिवाय सोडत नाहीत. मला तो माणूस आवडला नाही, पण ओळखीचा वाटला.

दर शनिवारी जाऊन-येऊन तासभर आम्ही गाडीत असायचो, आणि त्यांच्या आयुष्याची हकिगत मला तशीच तुकड्या तुकड्यांनी कळली. वडील समुद्रकाठच्या एका गावात बसचे तिकीट तपासनीस. घरात हसायची पद्धत नव्हती. जेवताना आई काही गमतीचं बोलली की वडील तिच्याकडे शांतपणे बघत आणि मीठ मागत. "तो चेहरा मी सतरा वर्षं समोर बसून पाहिला," साहेब म्हणाले, "आणि पुढची चाळीस वर्षं तोच वापरला. वडिलांनी माझा कार्यक्रम एकदा पाहिला. म्हणाले, यात विनोद कुठे आहे? तू नीटच तर बोलतोयस."

कॉलेजात दोनदा नापास झाल्यावर ते एका फिरत्या नाटक कंपनीत लागले. तिथे सुरुवातीला पडद्यामागून दरवाजे वाजवायचं काम होतं. मग रेडिओ, मग टीव्ही, मग तो खुलासे वाचणारा प्रवक्ता. एकदा बाजारात एका आजीबाईंनी त्यांना धरलं आणि पेन्शन का अडवलं म्हणून भर रस्त्यात झापलं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय! मी लक्ष घालतो म्हणालो. पुढच्या आठवड्यात खुलासा वाचला."

ज्या मंत्र्याची ते सगळ्यात जास्त टर उडवत, त्याने नाताळला स्वतःचा सही केलेला फोटो पाठवला, तोही चौकटीसकट. एका लग्नात सरकारचा खरा प्रवक्ता भेटला आणि हात हातात घेऊन म्हणाला, मी तुमचंच बघून शिकलो. साहेब सांगत होते त्या वेळी आम्ही सिग्नलला उभे होतो. "अठरा वर्षं आम्ही त्यांना हसलो," ते म्हणाले. "त्यातल्या एकालाही घरी जावं लागलं नाही. कार्यक्रम बंद पडला तेव्हा मला मात्र जावं लागलं." सिग्नल सुटला. मागच्याने हॉर्न वाजवला.

शेवटच्या दोन वर्षांबद्दलही त्यांनी सांगितलं. पाठांतर टिकेना, म्हणून कानात एक बारीकसं यंत्र बसवलं होतं. आतल्या खोलीत एक मुलगी बसून वाक्यं वाचायची आणि हे ती तशीच्या तशी म्हणायचे. "त्याचा एकच नियम," असं म्हणून त्यांनी डाव्या कानाला बोट लावून दाखवलं. "कानात आलं की विचार करायचा नाही. विचार केला की चेहरा हलतो."

वाक्यं ते रोमन लिपीत एका वहीत उतरवून घेत. माणूस मेहनती होता. 'तुमच्या'मधला 'त' त्यांना यावा म्हणून मी गाडीत जीभ दाताला कुठे लावायची ते दाखवायचो, आणि ते आरशात बघून करायचे. तीन आठवड्यांत त्यांचा 'त' माझ्या मुलीच्या 'त'पेक्षा चांगला झाला. चौथ्या शनिवारी तालमीत ते खुर्चीत बसले, छडी मांडीवर ठेवली आणि नाटकातल्या गावच्या खोताकडे बघून स्वच्छ म्हणाले, "तुमच्या गावात नारळ किती?"

दिग्दर्शकांनी मला बाजूला घेतलं. "भाई, ये क्या है? हे रत्नागिरीचे वाटतायत."

"मी शिकवलं."

"अहो, पब्लिकला इंग्रज वाटला पाहिजे ना! त्यांना टुम शिकवा. टुमच्या गावामढे नारळ किटी. तुम्ही करता ना, तसं."

म्हणजे इंग्रजाने इंग्रजासारखं कसं बोलावं, हे इंग्रजाला शिकवायचं काम माझ्याकडे आलं. आमच्यातल्या कुणालाही यात काही चुकतंय असं वाटलं नाही, हे नोंदवून ठेवतो. खोताचं काम करणारे वसईचे एक ख्रिस्ती गृहस्थ होते, हॉटेलात बँक्वेट मॅनेजर. ते तर म्हणाले, "येस येस, ऑथेंटिक पाहिजे."

परत जाताना मी साहेबांना सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "असं नक्की कोण बोलतं?"

"इंग्रज लोक."

"कोणते?"

मी विचार केला. मी हे माझ्या आधी मंडळात साहेब करणाऱ्याकडून उचललं होतं. तो परभणीचा अकाउंटंट होता, त्याने कुठल्याशा सिनेमातून उचललं होतं.

"तुम्ही कधी इंग्रज माणसाबरोबर राहिलायत?"

"दहा वर्षं. खोर फक्कानला, बंदरावर. सुपरिंटेंडंट होता माझा."

"तो असं बोलायचा?"

"नाही. तो 'यल्ला भाई, जल्दी खलास करो' असं म्हणायचा."

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे मी तुमची भूमिका करायची. तुम्ही माझी करता ती." चेष्टा करत असावेत असं वाटून मी बघितलं, तर ते पेन बंद करत होते. त्यांनी मला गाडी कडेला घ्यायला लावली. कॉर्निशवर, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्यावर, फुटपाथच्या बाजूला मी साहेबासारखा चालून दाखवला: छाती पुढे, छडी मांडीवर आपटत, मान वर, खालचं काही दिसत नसल्यासारखी. आयस्क्रीम खाणारं एक सिरियन कुटुंब थांबून बघत राहिलं. साहेबांनी तीन वेळा चालायला लावलं. मग म्हणाले, "चाळीस वर्षं मी आमच्या लोकांची नक्कल केली. तुमची जास्त बरोबर आहे." पुढचा अख्खा आठवडा मी त्या वाक्यावर काढला. बायकोला दोनदा सांगितलं, दुसऱ्यांदा ती म्हणाली, "कळलं."

पाचव्या शनिवारी त्यांची मुलगी खाली पार्किंगमध्ये थांबली होती. साहेब अजून वरच होते. घाईघाईने बोलली. वडिलांची आठवण जातेय. डॉक्टरांनी सांगून झालंय. एखाद्या दिवशी त्यांना ते ठाऊक असतं, एखाद्या दिवशी नसतं. गेल्या सहा वर्षांत त्यांना कुणी कुठलं काम विचारलं नव्हतं, म्हणून तुमच्या नाटकाला ते एका क्षणात हो म्हणाले, आणि हे शेवटचं असणार आहे. "त्या दिवशी त्यांना जमलं नाही, तर तुम्ही जाल का स्टेजवर? कपडे घालून तयार राहाल? लोक त्यांना हसलेले मला बघवणार नाहीत."

"मॅडम, लोक हसावेत म्हणूनच तर ते आहे," मी म्हणालो.

"मला काय म्हणायचंय ते तुम्हाला कळलंय," ती म्हणाली.

कळलं होतं. मी इन्शाल्ला, काळजी करू नका, असं म्हणालो. आता लाज वाटते ते लिहितो: मला आनंद झाला. लिफ्टमधून साहेब येताना दिसले, कोट, वही, सगळं जागच्या जागी, आणि मी मनात त्यांची वाक्यं म्हणून बघत होतो. सगळी पाठ होती. दुबईतल्या बर दुबई भागातल्या ज्या शिंप्याने त्यांचा कलेक्टरचा पोशाख शिवला, त्याच्याकडे मी दुसऱ्याच दिवशी माझं माप दिलं. दिग्दर्शकांना सांगितलं, सेफ्टीसाठी. ते म्हणाले, गुड थिंकिंग.

त्यानंतर मी त्यांच्यावर लक्ष ठेवायला लागलो. एकदा गाडीत त्यांनी विचारलं, हा कुठला समुद्र? मी सांगितलं. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. एकदा म्हणाले, जरा भरभर चालवा, माझी बायको जेवायची थांबली असेल. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. मी हो म्हणालो आणि थोडी भरभर चालवली. माझ्यातला साहेब मात्र हे सगळं मोजून ठेवत होता.

प्रयोग एका शाळेच्या हॉलमध्ये, शनिवारी दुपारी चार वाजता होता. स्टेजवर कार्पेट असल्यामुळे नारळ फोडायला मनाई होती, म्हणून नारळाच्या नाटकाचा नारळ पार्किंगमध्ये फोडला. रंगभूषेला बसल्यावर मेकअपवाल्याने साहेबांकडे बघून मान हलवली. "हे लाइटखाली साउथ इंडियन दिसतील." खरा इंग्रज तांबडा पडला होता. त्यांना पावडर लावली. शेजारी मला लावली. दोन पांढरे साहेब, दोन सोलाहॅट, दोन छड्या. साहेबांनी आरशातून मला बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "तुमची मिशी सरळ आहे. माझी बघा." मी त्यांची मिशी सरळ केली.

पहिला अंक उत्तम गेला. त्यांचं टुम ऐकून लोक खूश होते. डाव्या विंगेत संहिता घेऊन मी उभा होतो आणि एकदाही सांगावं लागलं नाही. मध्यंतरात ते बाकावर बसून राहिले. चहा दिला तो घेतला नाही. "आपण कशाची वाट बघतोय?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, दुसऱ्या अंकाची. "बरं," ते म्हणाले.

दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला कलेक्टर गावच्या पारावर खुर्ची टाकून बसतो आणि खोताला पुन्हा नारळ विचारतो. पडदा उघडला. साहेब खुर्चीत बसले होते. खोत हात जोडून उभा. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि पाहतच राहिले.

चेहऱ्यावर काही नव्हतं. तिकीट तपासनिसाचा तो चेहरा. लोकांना वाटलं, अभिनय चाललाय. एक हसला, मग पाच-दहा हसले. शांतता वाढली तसा हशाही वाढला. मला मात्र दिसत होतं की समोर कोण उभं आहे, हे त्यांना कळत नाहीये. मी वाक्य दिलं. ऐकू गेलं नाही. पुन्हा दिलं. उजव्या विंगेतून दिग्दर्शक मला हाताने जोरजोराने खुणा करत होते: जा, तुम्ही जा! काळोख करून त्यांना आत घ्यायचं आणि मी खुर्चीत बसायचं, एवढंच होतं. लाइटवाला माझ्याकडे बघत होता. सगळी वाक्यं पाठ होती. माझा उजवा पाय कार्पेटवर पडलाही होता.

तेवढ्यात त्यांचा डावा हात वर गेला आणि कानाला लागला. बोटं कानात काहीतरी शोधत होती. सापडेना, तशी पुन्हा शोधायला लागली.

मी पाय मागे घेतला. विंगेच्या अगदी टोकाला, त्यांच्या डाव्या कानाच्या रेषेत आलो आणि घाबरून, संहिता बाजूला ठेवून, जे तोंडात आलं ते बोललो. "अहो साहेब, इकडे. माझं ऐका."

आणि खुर्चीतला कलेक्टर, खोताकडे बघत, खणखणीत आवाजात, माझ्याच रत्नागिरीच्या हेलात म्हणाला, "अहो साहेब, इकडे. माझं ऐका."

वसईकर खोत गडबडले. त्यांचं वाक्य 'जी साहेब' एवढंच होतं. पण ते म्हणाले, "साहेब तर तुम्हीच ना?" आणि हॉल फुटला. तसा हशा आमच्या मंडळाच्या नाटकाला कधी पिकला नव्हता. हशा ओसरेपर्यंत साहेब बसून राहिले. थांबायचं किती, हे ते विसरले नव्हते. मी पुढचं वाक्य दिलं, पण टुम करायचं भानच राहिलं नाही. "तुमच्या गावात नारळ किती?" तेही तसंच बाहेर आलं.

मग सगळा अंक तसाच झाला. मी बोलायचो, ते बोलायचे. मध्ये मी लाइटवाल्याला दबक्या आवाजात म्हणालो, "डोळ्यावर येतोय, लाइट कमी कर," तर कलेक्टरसाहेबांनी पारावरून हुकूम सोडला, "डोळ्यावर येतोय, लाइट कमी कर." लाइट कमी झाला. लोक अक्षरशः खुर्च्यांवरून घसरत होते. मी घामाने ओला झालो होतो आणि मला भीती वाटत होती, आणि त्याच वेळी, खरं सांगतो, इतकं सुख मला स्टेजवर सहा वेळा जाऊनही मिळालं नव्हतं. तो आवाज माझा होता आणि तोंड चाळीस वर्षं मुरलेलं होतं.

नाटकाच्या शेवटी कलेक्टर फसून निघून जातो. त्याला तिथे एक रडकं भाषण होतं. मी ते दिलं नाही. का दिलं नाही ते मला आजही नीट सांगता येणार नाही. मी विंगेतून हळू म्हणालो, "सरकारतर्फे खुलासा."

"सरकारतर्फे खुलासा," ते म्हणाले.

"सरकार फसलेलं नाही."

"सरकार फसलेलं नाही."

"सरकारने जनतेला फसवण्याची संधी उपलब्ध करून दिली आहे."

ते त्यांनी म्हटलं, पण माझ्या आवाजात नाही. शब्दांचा अर्थ त्यांना ठाऊक असणं शक्य नव्हतं. पण वाक्य कसं चाललंय, हे त्यांच्या कानाला कळलं असावं, कारण त्यांचा हात मांडीवरच्या नसलेल्या कागदाकडे गेला, आवाज एक पट्टी खाली आला आणि ते 'संधी' या शब्दापाशी अर्धा क्षण थांबले. मी ते थांबणं दिलं नव्हतं. लोक टाळ्या वाजवत उभे राहिले. साहेबांनी शांतपणे खोताच्या हातातला तांब्या घेतला आणि पाणी प्यायले.

आता जायचं होतं. ते उठले, पण कुठे जायचं ते त्यांना कळेना. मी म्हणालो, "मी येतो." ते खोताला म्हणाले, "मी येतो," आणि आवाज आला तिकडे, माझ्याकडे, चालत आले. चाल मी शिकवलेली होती.

पडदा पडला. बाहेर टाळ्या चालूच होत्या. विंगेच्या अंधारात ते माझ्यासमोर थांबले आणि मला पायापासून हॅटपर्यंत पाहिलं. माझा पोशाख, पावडर, छडी. मग बाहेरच्या टाळ्या ऐकल्या. त्यांनी त्याचा जो अर्थ लावायचा तो लावला.

"मला उशीर झाला," ते म्हणाले. "माफ करा. तुम्हाला जावं लागलं ना?"

मी त्यांची वाकडी झालेली हॅट सरळ केली.

"हसले का?"

"हसले," मी म्हणालो.

"योग्य जागी?"

"एकाही योग्य जागी नाही."

"उत्तम," ते म्हणाले आणि माझा हात हातात घेऊन हलवला. "फार छान केलंत तुम्ही. मी ऐकत होतो इथून."

सांगायला हवं होतं की नाही, साहेब, ते तुम्ही होतात. मी तोंड उघडलंही. पण मग त्यांना विचारावं लागलं असतं की तुम्हाला आठवत नाही का, आणि तो प्रश्न त्या माणसाला, त्या टाळ्यांमध्ये, माझ्याच्याने विचारवेना. मी थँक यू म्हणालो. मला रडू येत होतं. पावडर असल्यामुळे ते लपलं नसावं.

दिग्दर्शक धावत आले, आम्हा दोघांना धरून म्हणाले, "यल्ला, यल्ला, चला दोघंही!" आणि पडद्याबाहेर ढकललं. दोन साहेब एकदम बघून लोकांनी नव्याने आरडाओरडा सुरू केला. तिसऱ्या रांगेत माझी बायको आणि मुलगी दिसल्या. मुलगी उभी होती, मोबाइल धरून. पलीकडे साहेबांची मुलगी, दोन्ही हात तोंडावर. साहेबांनी माझं मनगट धरलं, मला चार पावलं पुढे नेऊन उभं केलं आणि स्वतः मागे सरकून माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लागले. लोकांना तो शेवटचा विनोद वाटला. ते आणखी हसले. मी वळून पाहिलं, तर तो चेहरा हलला होता. ते खरोखर खूश होते.

मी नुसता उभा होतो. माझं नव्हतं ते घ्यायचं कसं, हे सहा नाटकांत कुणी शिकवलं नव्हतं. तेव्हा ते पुन्हा पुढे आले, माझ्या डाव्या कानाशी वाकले आणि हळू म्हणाले, "वाका आता. ते थांबलेत तुमच्यासाठी."

कानात आलं की विचार करायचा नाही. मी वाकलो.